हा आकडा आणला कुठून?

जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या काठी, कोब्लेन्झ शहराजवळ म्युल्हाइम-केर्लिश नावाचं गाव आहे. १९७५ च्या जानेवारीत तिथल्या अणुऊर्जा प्रकल्पाला पहिला अंशतः परवाना मिळाला. मग लक्षात आलं, की ठरलेल्या जागेखालची जमीन एकसंध नाही. हा सगळा टापू जुन्या ज्वालामुखींचा, खाली भेगा असलेला, म्हणून भूकंपाच्या धोक्याचा. कंपनीने इमारत सुमारे ७० मीटर सरकवली. अणुभट्टी आणि टर्बाइन यांच्या इमारती आधी एकमेकींना लागून होणार होत्या, त्या वेगवेगळ्या केल्या आणि काम पुढे नेलं. राज्य सरकारला हे ठाऊक होतं आणि मान्यही होतं. पण बदललेल्या आराखड्यासाठी पहिल्यापासून परवाना काढला गेला नाही आणि आसपासच्या लोकांना पुन्हा विचारलं गेलं नाही.

भूकंपापायी जागा बदलली हे खरं तर शहाणपणाचंच होतं. पण कोर्टात उभा राहिला तो प्रश्न वेगळाच. ज्या इमारतीला परवाना दिला ती बांधलीच नाही आणि जी बांधली तिला परवाना कुठे आहे? परिसरातल्या एका रहिवासी बाईची तक्रार जर्मनीच्या संघीय घटना न्यायालयापर्यंत गेली. १९७९ च्या डिसेंबरमध्ये त्या न्यायालयाने तक्रार फेटाळली, पण जाता जाता एक तत्त्व ठरवून दिलं. जिवाच्या आणि आरोग्याच्या हक्काचं रक्षण परवान्याच्या कार्यपद्धतीतूनही होत असतं. म्हणजे लोकांना विचारणं हा उपचार नाही, तो हक्काचाच भाग आहे. प्रकल्प १९८६ मध्ये सुरू झाला आणि १९८८ च्या सप्टेंबरमध्ये संघीय प्रशासकीय न्यायालयाने १९७५ चा तो परवानाच रद्द केला. राज्याने पुन्हा परवाना दिला, पुन्हा दावे झाले आणि १९९८ च्या जानेवारीत शेवटचा निकाल लागला: भूकंपाच्या धोक्याचा अभ्यास परवाना देणाऱ्यांनी पुरेसा केलेला नाही. सुमारे १,३०० मेगावॉटची, अब्जावधी मार्क ओतलेली ती भट्टी पुन्हा कधी पेटली नाही. तिचा शीतकरण मनोरा २०१९ मध्ये पाडला.

इमारत कोसळेल असं यातल्या एकाही न्यायालयाने म्हटलेलं नाही. अणुप्रकल्प आणि भूकंप यांच्या खटल्यांबद्दल आपल्याकडे सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे, की न्यायाधीश भूगर्भशास्त्रज्ञ होऊन बसतात. गेल्या पन्नास वर्षांतले अमेरिका, जर्मनी, जपान आणि भारतातले निकाल शेजारी शेजारी ठेवले तर दिसतं, की भूकंप किती मोठा येईल हे न्यायालयाला ठरवता येत नाही. ते त्याचं कामही नाही. त्याला एवढंच विचारता येतं, की तुम्ही जो आकडा धरून इमारत बांधली किंवा बदलली, तो आणला कुठून? ज्यांनी हे नेटाने विचारलं त्यांच्या हातून काहीतरी घडलं. तज्ज्ञ म्हणतात म्हणून ज्यांनी फाइल मिटली, त्यांच्यापैकी कित्येकांचे निकाल पुढच्या भूकंपात उघडे पडले.

उभ्या इमारतीत बदल करायचा म्हणजे काय, ते आधी पाहू. मुंबई-पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांत राहणाऱ्यांना स्ट्रक्चरल ऑडिट आणि खांबांचं जॅकेटिंग माहीत असतं. प्लास्टर फोडायचं, सळया साफ करायच्या, नव्या सळया जुन्यात रोवायच्या, वरून काँक्रीट चढवायचं. अणुप्रकल्पाच्या नियंत्रण कक्षाच्या इमारतीत हेच करायचं झालं तर भिंतीला पाडलेलं प्रत्येक भोक हा एक निर्णय असतो. पलीकडच्या अंगाला केबलचे ट्रे असतात, त्यातल्या काही केबल भट्टी थंड ठेवणाऱ्या पंपांकडे जातात. ड्रिल आतल्या सळईला लागलं तर भिंत मजबूत होण्याऐवजी दुबळी होते. शिवाय भिंतीचं वजन आणि ताठरपणा बदलला, की भूकंपात ती इमारत वेगळ्या लयीत हलते. मग तिच्या प्रत्येक मजल्यावरचे पाइप, पॅनेल, बॅटऱ्या यांना बसणारे हिसकेही बदलतात. एक भिंत जाड केली की शंभर यंत्रांचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या ट्रोजन प्रकल्पात १९७८ मध्ये नेमकं हेच उद्भवलं. प्रकल्प तोवर चालू झालेला होता. मग आराखडा करणाऱ्यांनाच आढळलं, की नियंत्रण इमारतीच्या भिंतींतल्या पोलादाचा हिशेब चुकला आहे आणि भूकंपाचा आडवा धक्का घेण्याची त्यांची ताकद कागदावर लिहिल्यापेक्षा कमी आहे. परवाना मंडळापुढची सुनावणी दोन टप्प्यांत झाली. दुरुस्ती होईपर्यंत प्रकल्प चालवू द्यायचा का, हा पहिला टप्पा आणि दुरुस्ती कशी करायची हा दुसरा. १९७८ च्या डिसेंबरमध्ये मंडळाने तात्पुरतं चालवायला परवानगी दिली. बळ कमी झालं असलं तरी उरलेलं पुरेसं आहे, असा त्यामागचा विचार होता.

हा युक्तिवाद पुढे जवळपास प्रत्येक खटल्यात येतो, म्हणून त्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. अभियंते इमारतीत जादा ताकद ठेवतात हे खरंच आहे आणि तिने अनेकदा वाचवलंही आहे. पण ही जादा ताकद ठेवलेली असते ती आपल्याला न कळलेल्या गोष्टींसाठी. कळलेली चूक तिच्यात जिरवायची ठरवली, तर न कळलेल्यासाठी काय उरलं याचा हिशेब द्यायला हवा.

कॅलिफोर्नियातल्या डायब्लो कॅन्यनची कथा या सगळ्या प्रश्नाचा गाभा दाखवते. तिथल्या दोन भट्ट्यांना १९६८ आणि १९७० मध्ये बांधकामाचे परवाने मिळाले. आराखडा गुरुत्वाच्या ४० टक्के, म्हणजे ०.४ जी इतक्या धक्क्यासाठी होता. १९७१ मध्ये तेल कंपनीच्या दोन भूशास्त्रज्ञांनी समुद्रतळाखालच्या एका भ्रंशाची माहिती प्रसिद्ध केली. हॉस्किन्स आणि ग्रिफिथ्स या त्यांच्या नावांवरून त्याला हॉसग्री म्हणतात. किनाऱ्यापासून जेमतेम चार-पाच किलोमीटरवर. तोवर भिंती चढत होत्या. मग ७.५ तीव्रतेचा भूकंप धरून, ०.७५ जी धक्क्यासाठी सगळी पुनर्तपासणी झाली आणि उभ्या इमारतींना आधार, टेकू, जादा पोलाद चढवण्याचं काम वर्षानुवर्षं चाललं. सान लुइस ओबिस्पो इथल्या मातांच्या एका शांतता संघटनेने या प्रकरणात सुनावण्यांमागून सुनावण्या लढवल्या. १९८१ च्या जूनमध्ये अपील मंडळाने निर्णय दिला, की भूकंपविषयक आराखडा योग्य आहे. सप्टेंबरमध्ये कमी क्षमतेवर चालवण्याचा परवाना मिळाला.

आणि त्यानंतर काही दिवसांतच कंपनीच्या एका अभियंत्याच्या लक्षात आलं, की नकाशाच चुकला आहे. दोन्ही भट्ट्या आरशातल्या प्रतिमेसारख्या बांधलेल्या, एकीचं डावं ते दुसरीचं उजवं. भूकंपाच्या आधारांचा हिशेब करताना एकीचा आराखडा दुसरीसाठी वापरला गेला होता. जिथे आधार जास्त हवे तिथे कमी, जिथे कमी चालले असते तिथे जास्त. नोव्हेंबरमध्ये नियामक आयोगाने परवाना स्थगित केला. सगळं पुन्हा तपासून भट्ट्या सुरू व्हायला १९८५-८६ उजाडलं.

या प्रसंगापाशी मी पुन्हा पुन्हा थांबतो. वर्षानुवर्षं दोन्ही बाजूंचे नामांकित तज्ज्ञ हॉसग्रीची लांबी, तीव्रता आणि त्वरण यांवर वाद घालत होते. वाद खरा होता, अभ्यासाचा होता. पण कागदावरचा आकार आणि प्रत्यक्षात ठोकलेला बोल्ट एकाच जागी आहेत का, हे त्या वादात कुणी तपासलं नव्हतं. म्हणून पुढच्या सुनावणीत मुद्दा बदलला आणि आराखड्याच्या गुणवत्तेची तपासणी कशी झाली हा विषय आला. हे काम कितीही कंटाळवाणं असलं तरी मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

१९७९ च्या मार्चमध्येही असाच प्रकार झाला होता. भूकंपाचे भार वेगवेगळ्या दिशांनी येतात आणि ते एकत्र कसे करायचे याची एक पद्धत असते. एका संगणक प्रणालीत ते अधिक-उणे चिन्हांसकट बेरजेला घेतले गेले होते. त्यामुळे काही भार एकमेकांना खाऊन टाकायचे आणि पाइपवरचा ताण कमी दिसायचा. नियामकांनी पाच अणुभट्ट्या बंद करायला लावल्या.

व्हर्जिनियातल्या नॉर्थ ॲनाचा मुद्दा तर हिशेबाचाही नाही, माहिती सांगण्याचा आहे. खोदकामात सापडलेल्या भ्रंशाबद्दल वीज कंपनीने नियामकांना वेळेवर कळवलं नाही. १९७८ मध्ये अपील न्यायालयाने मान्य केलं, की महत्त्वाची गोष्ट न सांगणं हेही खोटं निवेदनच आहे आणि त्यासाठी दंड होऊ शकतो. दंड किरकोळ होता. २०११ च्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनियात ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि नॉर्थ ॲनाला बसलेला धक्का आराखड्यात धरलेल्या धक्क्याहून मोठा निघाला. मोठं नुकसान झालं नाही. जादा ताकद तिथे कामाला आली.

जपानमध्ये हा प्रश्न जितका घासला गेला तितका दुसरीकडे कुठेच नाही. सुरुवात इकाता अणुप्रकल्पाच्या खटल्यापासून. १९७३ मध्ये गावकऱ्यांनी दावा लावला आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला १९९२ मध्ये. गावकरी हरले. पण त्या निकालात दोन गोष्टी होत्या. न्यायालय स्वतः तज्ज्ञांच्या जागी बसणार नाही, तज्ज्ञांच्या तपासणीत गंभीर चूक किंवा अवाजवीपणा आहे का एवढंच पाहील. आणि दुसरी गोष्ट, सगळी कागदपत्रं सरकारकडे असल्याने आपला निर्णय वाजवी आहे हे आधी सरकारने दाखवायचं. पुढच्या अनेक न्यायालयांनी यातली पहिली गोष्ट उचलली आणि दुसरी विसरली.

२००६ च्या मार्चमध्ये कानाझावाच्या जिल्हा न्यायालयाने शिका प्रकल्पाची दुसरी भट्टी थांबवण्याचा आदेश दिला. न्यायाधीश केनइची इदो. चालू भट्टी थांबवायला सांगणारा जपानमधला हा पहिला निकाल. एका वर्षातच, २००७ च्या मार्चमध्ये, शिका जिथे आहे त्याच नोतो द्वीपकल्पात ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला. तरी २००९ मध्ये वरच्या न्यायालयाने इदो यांचा निकाल फिरवला.

मधल्या काळात काशिवाझाकी-कारिवा घडलं. सात भट्ट्यांचा, क्षमतेने जगातला सर्वांत मोठा प्रकल्प. १६ जुलै २००७, तीव्रता ६.८. पहिल्या भट्टीच्या तळाला ६८० गॅलचा धक्का नोंदला गेला. आराखड्यात धरला होता २७३ गॅल. एक जी म्हणजे सुमारे ९८० गॅल. भट्ट्या थांबल्या, त्यांची मुख्य आवरणं शाबूत राहिली, हे अभियंत्यांच्या पदरात घातलंच पाहिजे. पण आवारात काय झालं? तिसऱ्या भट्टीच्या ट्रान्सफॉर्मरजवळची जमीन खचली, जोड तुटला, तेल गळून पेटलं. जमिनीखालचे आगीसाठीचे पाण्याचे पाइप फुटल्याने नळाला दाब नव्हता. सुमारे दोन तास काळा धूर साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिला. आपत्कालीन कक्षाचं दार चौकट वाकल्याने उघडेना. निइगाता प्रांताच्या गव्हर्नरांनी त्या दाराचा मुद्दा लावून धरला आणि कंपनीने भूकंपाचा हिसका वेगळा काढणाऱ्या पायावर नवी इमारत बांधली. तशीच एक फुकुशिमा दाइइचीलाही. ती पूर्ण झाली २०१० च्या जुलैमध्ये. आठ महिन्यांनी, ११ मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर, अणुअपघाताशी सगळी झुंज त्याच इमारतीतून चालली. इमारतीतला एक बदल वेळेवर झाला तर काय होतं, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. आणि काशिवाझाकी-कारिवाच्या पहिल्या भट्टीविरुद्ध १९७९ पासून चाललेला दावा सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला तो २००९ मध्ये, २००७ च्या त्या भूकंपानंतर.

हामाओका अणुप्रकल्पाच्या खटल्यात २००७ मध्ये कंपनीच्या बाजूने साक्ष देताना प्राध्यापक हारुकी मादारामे यांनी सांगितलं होतं, की आपत्कालीन डिझेल जनित्रं एकदम बंद पडतील अशा सगळ्या शक्यता धरत बसलो तर काहीच बांधता येणार नाही, कुठेतरी रेघ मारावीच लागते. न्यायालयाने ते मानलं. भूकंपशास्त्रज्ञ कात्सुहिको इशिबाशी १९९७ पासून भूकंप आणि अणुअपघात एकत्र कोसळण्याबद्दल सावध करत होते. त्यांचं मानलं नाही. फुकुशिमात जनित्रं बंद पडली तेव्हा मादारामे अणुसुरक्षा आयोगाचे अध्यक्ष होते आणि रेघ चुकीच्या जागी मारली गेली हे त्यांनी संसदेत कबूल केलं. रेघ मारावी लागते हे त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. ती कुणी मारली, कशाच्या आधारावर मारली आणि ती हलवायची कधी, हे उघडपणे ठरायला हवं होतं.

२०११ नंतर जपानी न्यायालयं बदलली, पण एका दिशेने नाही. २०१४ च्या मे महिन्यात फुकुई जिल्हा न्यायालयाचे न्यायाधीश हिदेआकी हिगुची यांनी ओई प्रकल्पाच्या दोन भट्ट्या चालवायला मनाई केली. त्यांचा मुख्य मुद्दा कुणालाही समजेल असा होता: २००५ पासून दहा वर्षांच्या आत चार प्रकल्पांत पाच वेळा प्रत्यक्ष धक्का आराखड्यातल्या धक्क्याला ओलांडून गेला आहे, मग इथलाच आकडा बरोबर कसा मानू? २०१८ मध्ये हा निकालही उलटला. ताकाहामा प्रकल्पाचं तर विचारू नका. २०१५ च्या एप्रिलमध्ये मनाई, डिसेंबरमध्ये ती उठली, २०१६ च्या मार्चमध्ये ओत्सुच्या न्यायालयाची नवी मनाई आणि चालू भट्टी बंद, २०१७ च्या मार्चमध्ये तीही उठली. प्रकल्प तोच आणि निकाल असे उलटसुलट. वीज कंपन्यांची तक्रार मला समजते. न्यायाधीशागणिक बदलणाऱ्या न्यायावर कुणी अब्जावधी लावायचे?

पण २०२० च्या डिसेंबरमधला ओसाका जिल्हा न्यायालयाचा निकाल या गोंधळातून वेगळा काढायला हवा. त्याने ओईच्या दोन भट्ट्यांचा परवाना अवैध ठरवला तो एका साध्या गोष्टीवरून. भ्रंशाच्या क्षेत्रफळावरून भूकंपाची तीव्रता काढायचं सूत्र जुन्या भूकंपांच्या नोंदींची सरासरी देतं. प्रत्यक्ष भूकंप त्या सरासरीच्या वर-खाली विखुरलेले असतात. हे विखुरणं लक्षात घ्या, असं नियामकांच्याच मार्गदर्शिकेत लिहिलेलं आहे. ते घेतलं का? घेतलं असं कागदावर दिसलं नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पाहिलेल्या मुंबईकराला सरासरीवर मोरी बांधणं म्हणजे काय हे समजावून सांगावं लागणार नाही. नियामक मंडळाचे माजी सदस्य कुनिहिको शिमाझाकी यांनीही २०१६ पासून सांगितलं होतं, की तिथे वापरलेलं सूत्र धक्का कमी दाखवतं. सरकार अपिलात गेलं. तरी तो निकाल मला आदर्श वाटतो, कारण न्यायाधीशांनी स्वतःचा भूकंप मांडला नाही. तुमचाच नियम तुम्ही पाळलात का, एवढंच विचारलं.

आपल्याकडे खटल्यांचा इतिहास छोटा आहे. कुडनकुलम अणुप्रकल्पाच्या प्रकरणात मागणी होती, की फुकुशिमानंतर सुचवलेल्या १७ सुधारणा आधी पूर्ण करा, मग भट्टी चालवा. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१३ ला प्रकल्प मान्य केला, सुरक्षेचा निर्णय तज्ज्ञ संस्थांवर सोपवला आणि १५ निर्देश दिले. निर्देश चांगले होते. पण आकड्यांची उलटतपासणी त्या सुनावणीत झाली नाही.

खरं तर आकड्याच्या उलटतपासणीचा धडा महाराष्ट्राइतका कुणाकडे नाही. दख्खन स्थिर, इथे भूकंप होत नाहीत, असं मानून कोयना धरण ०.०५ जी धरून बांधलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे धरणातल्याच यंत्राने ०.६३ जी नोंदवलं. सुमारे १८० माणसं गेली. धरण तडकलं, पण टिकलं आणि पुढे त्याला मागच्या अंगाने काँक्रीटचे जाड टेकू देऊन मजबूत केलं. ती नोंद आज जगभरच्या अभियांत्रिकी वर्गांत शिकवतात. १९९३ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या भूकंपाने तोच धडा पुन्हा दिला.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूरचा वाद याच मातीतला आहे. माडबन परिसरात सहा भट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये विनोदकुमार गौर आणि रॉजर बिलहॅम यांनी ‘करंट सायन्स’मध्ये लिहिलं, की तिथे मोठ्या भूकंपाचा इतिहास नसला तरी त्यावरून भविष्याची खात्री देता येत नाही. कोयना आणि लातूर ज्या प्रकारच्या भूभागात घडले तसाच हा आहे आणि ६ किंवा त्याहून मोठ्या तीव्रतेचा भूकंप, शक्यता थोडी असली तरी, धरून चालायला हवा. इतर भूकंपतज्ज्ञांनी त्याला उत्तरं दिली. वाद निरोगी होता. पण २०१२ मध्ये बिलहॅम यांना दिल्ली विमानतळावरून परत पाठवण्यात आलं. त्याआधी, २०१० च्या जनसुनावणीच्या वेळी, पर्यावरण अहवालाच्या मराठी प्रती वेळेवर मिळाल्या नाहीत अशी गावकऱ्यांची तक्रार होती.

जैतापूरला भट्टीची एकही इमारत अजून उभी राहिलेली नाही. म्युल्हाइम-केर्लिशला जे १९७५ मध्ये करता आलं असतं, ते इथे आजही करता येईल. बोअरहोलच्या नोंदी, आसपासच्या भ्रंशांचे नकाशे, आराखड्यात धरलेलं त्वरण आणि ते ज्या सूत्राने काढलं ते सूत्र, विखुरणं धरलं की नाही त्याच्या टिपणासकट, हे सगळं माडबन, मिठगवाणे आणि नाटे इथल्या ग्रामपंचायतींच्या टेबलावर मराठीत ठेवता येईल. आराखडा पुढे बदलला तर बदललेलं पानही तिथेच लागावं, तारखेसह.